प्रसूतिकक्षाची कारभारीण कोण?

दारव्हा, दिग्रस, नेर या पट्ट्यातल्या एखाद्या तांड्यावरून कळा सुरू झालेल्या बाईला घेऊन १०२ ची गाडी तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात येते, तेव्हा तिला उतरवून घेणारी पहिली व्यक्ती परिचारिका असते. पोटावर हात ठेवून बाळाचे डोके खाली आहे की वर, हे पाहणारी तीच. ठोके मोजणारी तीच आणि ‘घाबरू नको बाई, अजून वेळ आहे’ असे सांगणारीही तीच. पुढचे आठ-दहा तास ती जवळ असते. बाळ तिच्या हातात येते, नाळ ती कापते, वार पूर्ण पडली का हे ती तपासते. सरकारी रुग्णालयांतली सरळ बाळंतपणे बहुतांशी परिचारिकाच करतात. डॉक्टर येतात ते अडल्यावर किंवा अडेल अशी शंका आल्यावर. यात लपवण्यासारखे काही नाही. जगात जिथे जिथे बाळंतपण सुरक्षित झाले, तिथे बहुतेक ठिकाणी कामाची विभागणी अशीच आहे.

फरक आहे तो अधिकाराचा. प्रसूतिकक्षात रात्री किती जणी असाव्यात, कोणती इंजेक्शने हाताशी हवीत, संपलेले औषध बाहेरून आणायचे तर पैसे कोणाच्या सहीने निघायचे, नुकतीच तयार झालेली परिचारिका पुरुष वॉर्डात पाठवायची की नाही, बाईला केव्हा यवतमाळला हलवायचे, यांपैकी क्वचितच एखादा निर्णय प्रसूतिकक्षाच्या प्रमुख परिचारिकेचा असतो. ती मागणीपत्र लिहिते, फोन करते आणि वाट पाहते. घर जिने चालवायचे तिच्या कमरेला किल्ल्या नाहीत, असा हा संसार आहे.

ही तक्रार परिचारिकांच्या मानापमानाची समजून बाजूला ठेवता येत नाही, कारण तिचा थेट संबंध बाळंतिणीच्या जिवाशी आहे. महाराष्ट्रात दर एक लाख जिवंत जन्मांमागे होणारे मातामृत्यू २०१४-१६ मध्ये ६१ होते, ते २०१८-२० मध्ये ३३ वर आले. देशाचा आकडा तेव्हा ९७ होता. कामगिरी चांगलीच आहे. पण त्याच काळात केरळ १९ वर होता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार महाराष्ट्रात ९४.७ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होतात. म्हणजे बाई दवाखान्यापर्यंत येत नाही, ही सबब आता बऱ्याच अंशी संपली. आशा सेविका, गाडी, जननी सुरक्षा योजना यांनी आपले काम केले. बाई दारापर्यंत आली आहे. इथून पुढचा आकडा खाली आणायचा तर तो दाराच्या आत, टेबलापाशी, पहिल्या अर्ध्या तासात आणावा लागेल. त्या अर्ध्या तासात तिथे कोण असते, हे वर आलेच आहे.

बाळंतपणानंतरचा रक्तस्राव हेच उदाहरण घेऊ. वार पडल्यावर गर्भाशय आवळले जाते आणि उघड्या रक्तवाहिन्या आपोआप चिमटल्या जातात. ते आवळले गेले नाही, तर गर्भाशयाकडे जाणारा रक्ताचा प्रवाह इतका मोठा असतो की काही मिनिटांतच बाई पांढरीफटक पडू लागते. ५०० मिलिलिटरपेक्षा जास्त रक्त गेले की धोका मानला जातो. पण आपल्याकडच्या जवळपास निम्म्या गरोदर बायांचे रक्त आधीच कमी असते. त्यांना त्याहून कमी रक्त गेले तरी ते झेपत नाही. गंमत म्हणजे (गंमत तरी कसली!) गेलेले रक्त डोळ्यांनी नीट मोजताच येत नाही. ते चादरीत मुरते, कापसात जाते, बादलीत पडते. हे मोजमापाचे काम आपल्या शेजारी, बेळगावला झाले आहे. तिथल्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर, खाली मोजपट्टी असलेली प्लास्टिकची चादर वापरून पाहिली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात नुसत्या नजरेचा अंदाज चादरीतल्या मापापेक्षा सुमारे ३३ टक्क्यांनी कमी निघाला. म्हणजे तीन वाट्या रक्त गेले तर डोळ्याला दोनच दिसल्या.

त्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांतला दुसरा अभ्यास आला. घरी किंवा उपकेंद्रात होणारी १६२० बाळंतपणे, ती करणाऱ्या एएनएम आणि बाळ जन्मल्यावर लगेच तोंडाने द्यायच्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या. निम्म्या बायांना खऱ्या गोळ्या मिळाल्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या औषधविरहित गोळ्या. जास्त रक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. औषध कोणी शोधले ही बाब इथे दुय्यम आहे. गोळी एएनएमच्या हातात होती, ती केव्हा द्यायची हे तिला ठाऊक होते आणि त्यासाठी कोणाला विचारायची गरज तिला नव्हती, हे त्यातले महत्त्वाचे.

पुढे २०२३ मध्ये केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांत, दोन लाखांहून जास्त बाळंतपणांवर ‘ई-मोटिव्ह’ नावाचा प्रयोग झाला. मोजपट्टीची चादर आणि ठरावीक खूण ओलांडली की एकापाठोपाठ एक न करता एकाच दमात करायचे उपचार: गर्भाशयाचा मसाज, ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड, सलाइन, आणि रक्त कुठून येते याची तपासणी. नेहमीच्या पद्धतीत निम्माच रक्तस्राव वेळेवर लक्षात येत होता. या पद्धतीत ९३ टक्के लक्षात आला. अतिगंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावे लागणे किंवा त्यातून मृत्यू येणे यांचे एकत्रित प्रमाण ६० टक्क्यांनी घटले. यातले एकही औषध नवे नव्हते. बदलले ते एवढेच की टेबलाजवळ उभी असलेली प्रसविका खूण पाहून स्वतः उपचार सुरू करत होती आणि प्रत्येक रुग्णालयात ही पद्धत लावून धरणारी जबाबदार माणसे नेमलेली होती.

आपल्याकडे असा अधिकार कागदावर अगदीच नाही, असेही नाही. गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके येऊ लागले तर मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस, दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम, देऊन मग बाईला मोठ्या रुग्णालयात पाठवावे, असे केंद्राच्या २०१० च्या मार्गदर्शक सूचना एएनएम आणि परिचारिकांना सांगतात. दारव्ह्याहून यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुमारे ४० किलोमीटर. रस्ता आता बरा असला तरी झटके येणाऱ्या बाईसाठी तो प्रवास लांबचाच. डोस देऊन निघालेली आणि डोस न देता निघालेली, या दोघींच्या प्रवासात जमीन-अस्मानाचा फरक असतो. तरीही अनेकदा इंजेक्शन राहून जाते. परिचारिकेला ते येत नाही म्हणून नव्हे. काही बरेवाईट झाले तर ‘कोणाला विचारून दिले?’ हा पहिला प्रश्न तिला येणार असतो आणि त्या क्षणी तिच्या पाठीशी उभी राहील अशी तिच्याच व्यवसायातली वरिष्ठ, अधिकार असलेली बाई जिल्ह्यात कुठेच नसते. सूचना होत्या, प्रशिक्षण होते, औषध होते; नेतृत्व नव्हते.

हे असे का झाले, याचा इतिहास शब्दांतही दिसतो. जीएनएम या पदविकेतला शेवटचा ‘एम’ मिडवाइफरीचा, एएनएममधलाही मिडवाइफचाच. सहायक परिचारिका प्रसविका हे त्याचे सरकारी मराठी रूप. पण रुग्णालयाच्या पदनामांत अधिपरिचारिका आहे, परिसेविका आहे, अधिसेविका आहे. प्रसविका कुठेच नाही. बोलीत ‘सुईण’ आणि ‘दाई’ हे शब्द आहेत, पण ते गावातल्या अशिक्षित म्हातारीशी जोडले गेले. शिकलेल्या, परवानाधारक प्रसविकेसाठी मराठी समाजाने मानाचा शब्दच ठेवला नाही. तिला आपण ‘सिस्टर’ म्हणतो आणि तोच शब्द डोळ्यांच्या वॉर्डातल्या परिचारिकेलाही वापरतो.

१९४६ च्या भोर समितीने देशात प्रसविकांचा दुष्काळ असल्याचे नोंदवले होते. त्यानंतर एएनएम तयार झाल्या, गावोगाव पोचल्या आणि बाळंतपणे करू लागल्या. १९७३ मध्ये कर्तारसिंग समितीने बहुउद्देशीय कार्यकर्त्यांची कल्पना मांडली आणि एएनएमची ‘आरोग्य सेविका’ झाली. १९७७ मध्ये तिचे प्रशिक्षण दोन वर्षांवरून १८ महिन्यांवर आले. तिच्याकडे कुटुंब नियोजनाची उद्दिष्टे आली, लसीकरण आले, हिवताप आला, नोंदवह्या आल्या. यातले एकही काम कमी महत्त्वाचे नाही. पण बाळंतपण करणे हे हाताचे कसब आहे. ते रोज न केल्यास हात विसरतो. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतले डॉ. दिलीप मावळणकर आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये एका लेखात भारतातल्या प्रसविका चक्क ‘बेपत्ता’ आहेत, अशा अर्थाचे शीर्षक दिले होते. त्या बेपत्ता झाल्या नव्हत्या. त्यांना दुसऱ्या कामाला लावले होते, आणि ते होऊ नये म्हणून वरच्या टेबलावर भांडणारे कोणी नव्हते.

डिसेंबर २०१८ मध्ये केंद्राने प्रसविका सेवेची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. परिचारिकांना १८ महिन्यांचे जादा प्रशिक्षण द्यायचे (तेच १८ महिने!), त्यांना ‘नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी’ म्हणायचे आणि गर्दीच्या रुग्णालयांत प्रसविकांनी चालवायचे स्वतंत्र कक्ष उभारायचे, अशी ही योजना. तेलंगणाने त्याआधीच, २०१७ मध्ये, हैदराबादच्या फर्नांडिस फाउंडेशनच्या मदतीने करीमनगरपासून सुरुवात केली होती. त्या राज्याला घाई असण्याचे कारण उघड आहे: तिथे ६०.७ टक्के बाळंतपणे सिझेरियनने होतात. महाराष्ट्रात हे प्रमाण २५.४ टक्के आहे आणि वाढते आहे. कळा देणाऱ्या बाईजवळ पूर्ण वेळ बसणारी, तिला चालायला, कुशीवर वळायला, पाणी प्यायला सांगणारी जाणकार बाई असली की विनाकारण होणारी सिझेरियन टळू शकतात. डॉक्टरला तेवढा वेळ बसणे शक्य नसते, आणि खरे तर त्याचे ते कामही नाही.

तेलंगणातला आरंभ एका स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरच्या, एविता फर्नांडिस यांच्या पुढाकाराने झाला, हे डॉक्टरांनी लक्षात घ्यावे. प्रसविकेला वाढवल्याने प्रसूतितज्ज्ञ लहान होत नाही.

योजनेतली कच्ची बाजू मात्र तीच जुनी आहे. १८ महिने शिकून आलेली परिचारिका कोणत्या पदावर येते? तिला बढती कोणती? तिच्या वर कोण? आजच्या शिडीत परिचारिकेची बढती झाली की ती प्रसूतिकक्षातून बाहेर पडते. अधिपरिचारिकेची परिसेविका होते, मग सहायक अधिसेविका, मग अधिसेविका. आणि अधिसेविका म्हणजे साऱ्या रुग्णालयाची चादरी, ड्युट्या, रजा आणि चौकश्या. वीस वर्षे बाळंतपणे करून ज्या हातात कसब आले, तो हात नेमका तेव्हाच रजिस्टरवर जातो. यापेक्षा महाग उधळपट्टी सरकारी आरोग्यसेवेत शोधून सापडणार नाही. राज्याच्या आरोग्य सेवेत शुश्रूषेसाठी सहायक संचालकाचे पद आहे; पण मातृत्व सेवेचे धोरण ज्या टेबलावर ठरते तिथे प्रसविका म्हणून बसणारी कोणी नाही. ही स्थिती फक्त आपलीच नाही. जागतिक पातळीवरच्या २०२१ च्या प्रसविका अहवालात माहिती देणाऱ्या देशांपैकी निम्म्याच देशांच्या आरोग्य मंत्रालयांत प्रसविकांचे नेतृत्व असल्याची नोंद आहे.

इंग्लंडने २०१९ मध्ये देशासाठी पहिल्यांदा मुख्य प्रसविका अधिकारी नेमली. त्याच वर्षी तिथल्या प्रसविकांच्या संघटनेने प्रत्येक रुग्णालय-समूहात ‘डायरेक्टर ऑफ मिडवाइफरी’ असावी, म्हणजे वरिष्ठ व्यवस्थापनाच्या बैठकीत खुर्ची असलेली प्रसविका असावी, अशी मागणी केली. इथे उत्साहाला थोडा आवर घालायला हवा. २०२२ मध्ये त्याच इंग्लंडमधल्या श्रूजबरी आणि टेलफर्डच्या रुग्णालयांबद्दल डोना ऑकेंडन यांचा अहवाल आला. स्वतः प्रसविका असलेल्या ऑकेंडन यांनी १४८६ कुटुंबांची प्रकरणे तपासली आणि चांगली काळजी मिळाली असती तर २०१ बाळे वाचली असती किंवा वाचू शकली असती, असा निष्कर्ष काढला. सिझेरियन कमी असल्याचा अभिमान, डॉक्टर आणि प्रसविका यांच्यातला बेबनाव, चुकांतून न शिकणे आणि सतत बदलणारे वरिष्ठ, हे सारे त्यात होते. नुसती खुर्ची दिल्याने भागत नाही, हे त्यातून दिसते. खुर्चीवरच्या बाईला वाईट बातमी मोठ्याने सांगता आली पाहिजे आणि नैसर्गिक बाळंतपणाचा हट्ट सोडून वेळेवर डॉक्टरला हाक मारता आली पाहिजे. ऑकेंडन अहवाल वाचून ‘बघा, म्हणूनच प्रसविकांना अधिकार नकोत’ म्हणणारे भेटतील. त्यांनी आपल्याकडची डॉक्टरप्रमुख रुग्णालये त्याच भिंगातून पाहावीत.

डॉक्टरांच्या आक्षेपांत एक मात्र खरा आहे: जबाबदारी कोणाची? ग्राहक न्यायालयात नाव डॉक्टरचे जाते, मग निर्णय परिचारिकेचा कसा? याचे उत्तर अधिकार काढून घेणे हे नव्हे, तर तो लेखी करणे हे आहे. कोणत्या बाळंतपणाची प्रसविका स्वतः पूर्ण जबाबदारी घेईल, कोणत्या खुणेला डॉक्टरला बोलावणे बंधनकारक, कोणत्या खुणेला डॉक्टरची वाट न पाहता उपचार सुरू, हे कागदावर सहीसकट असले की दोघांचेही रक्षण होते. २०२३ च्या राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोग कायद्याने प्रसविका हा व्यवसाय नावानिशी मान्य केला आहे. व्यवसायाला कायद्यात जागा मिळाली तर उत्तरदायित्वही त्याच्याकडे जाते.

मुंबईतल्या कामा रुग्णालयाची आठवण इथे होते. १८८६ मध्ये ते सुरू झाले तेव्हा बायकांचे रुग्णालय बायकांनीच चालवायचे, ही त्यामागची भूमिका होती आणि प्रमुखपदी एडिथ पेची ही डॉक्टर बाई होती. बाईने रुग्णालय चालवणे तेव्हा अनेकांना अशक्य वाटत होते. तेव्हाचा प्रश्न बाई डॉक्टर होऊ शकते का, हा होता. आज प्रसूतिकक्ष चालवणारी परिचारिका तो चालवण्याचा अधिकारही बाळगू शकते का, हा आहे. दोन्ही प्रश्नांमागची शंका एकाच घराण्यातली आहे.

राज्याला मुख्य प्रसविका अधिकारी हवी आणि तिला संचालकांच्या बैठकीत जागा हवी. जिल्ह्याला एक प्रसविका प्रमुख हवी. तिने महिन्याला प्रत्येक तालुक्याच्या प्रसूतिकक्षात जाऊन हातमोजे घालून काम पाहावे. मातामृत्यूच्या आढावा बैठकीत आज परिचारिका बहुतेकदा जबाब द्यायला येते. या प्रमुखाने तिथे प्रश्न विचारायला बसावे. या दोन्ही पदांना शासन निर्णय लागेल, वित्त विभागाची मान्यता लागेल, वेळ लागेल.

तालुक्याच्या रुग्णालयाला मात्र तेवढे थांबायचे कारण नाही. प्रशिक्षित परिचारिकांना प्रसूतिकक्षातून फिरवू नये, हा आग्रह केंद्राच्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमातही आहे. वैद्यकीय अधीक्षकांच्या एका लेखी आदेशाने तो अमलात येतो. रक्तस्राव आणि झटके यांच्या पहिल्या उपचारांची स्थायी सूचना भिंतीवर लावता येते, तिच्याखाली अधीक्षकांची सही हवी. रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून ठरावीक रकमेपर्यंत औषधे घेण्याची मुभा प्रसूतिकक्षाच्या प्रमुख परिचारिकेला देता येते आणि समितीच्या बैठकीत तिला बोलावता येते. एवढे कागद करायला एक दुपार पुरते.